वरची बावीस पावलं

जाहिरातीत छापलं होतं, "समुद्र अवघ्या पन्नास पावलांवर." मुकादमीणबाईंनी पहिल्या दिवशी सकाळी, बॅगा खोलीत टाकल्या टाकल्या, व्हरांड्याच्या कडेपासून पाण्यापर्यंत पावलं मोजली. बहात्तर भरली. आणि ती काही नाजूक पावलं नव्हती. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाजारातून तरातरा घरी येणाऱ्या बाईची होती.

बाकी रिसॉर्ट ठीक होतं. फार महाग नाही, अगदीच स्वस्तही नाही. पंखा फिरताना मधूनच खाकरायचा, नळाला गरम पाणी यायचं पण विचार करून यायचं, आणि पलंगावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसवले होते. बाईंनी आधी ते हंस मोडून टॉवेलांच्या घड्या केल्या. साठी ओलांडलेल्या माणसांना कशाला हव्यात असल्या गोष्टी!

चार रात्रींचं बुकिंग लेकीनं केलं होतं. तळमजला, समुद्राकडे तोंड. तोंड समुद्राकडे खोलीचं, मुकादमांचं नव्हे.

मुकादमांनी चौतीस वर्षं रस्त्याची कामं घेतली. हाताखाली सत्तर माणसं, एक रोलर आणि असा आवाज की फर्लांगभर लांबची खडीची गाडी जागच्या जागी थांबावी. आठ महिन्यांपूर्वी डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आले ते चाकांची खुर्ची आणि तीन शब्द घेऊन: नको, असू दे, बघू. जीभ थोडी जड झाली होती, पण बोलता येत होतं. बोलायचं नव्हतं, एवढंच. इथं यायचं का, असं विचारल्यावर 'बघू' म्हणाले, तेव्हा बाईंनी त्याचा अर्थ 'हो' असा लावून टाकला. संसारात एवढं भाषांतर यावंच लागतं.

पहिल्याच संध्याकाळी फजिती झाली. बाईंनी खुर्ची वाळूत उतरवली, आणि चौथ्या पावलाला चाकं अशी रुतली की पुढं ना मागं. शेवटी पोहायच्या चड्डीतल्या दोन पाहुण्यांनी मुकादमांना खुर्चीसकट, कपाट हलवावं तसं, उचलून व्हरांड्यात आणून ठेवलं. ज्यानं उभा जन्म दुसऱ्यांना "उचल, ठेव, सरळ धर" म्हणून ओरडण्यात घालवला, त्याला उचलून ठेवलं. मुकादम "नको" म्हणाले, आणि हातानं खूण करून त्यांनी खुर्ची फिरवायला लावली. तेव्हापासून पाठ समुद्राला आणि तोंड खोलीच्या काचेच्या दाराला. इतक्या लांब येऊन माणूस दार बघत बसला.

बाईंना त्या रात्री एक गोष्ट लख्ख कळली. हा माणूस इथून कोरड्या पायानं परत गेला, तर पुन्हा घराचा उंबरा ओलांडणार नाही. मग भिंत आहे, खुर्ची आहे आणि तीन शब्द आहेत. त्या उठून बसल्या आणि अंधाराला उद्देशून म्हणाल्या, "ते काही नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन बसल्या. मॅनेजर वयानं त्यांच्या भाच्याएवढा, बोलायला गोड.

"काकू, वाळूवर खुर्ची चालत नाही, त्याला आम्ही काय करणार?"

"पन्नास पावलं लिहिलीत. बहात्तर भरतात."

"जाहिरात मुख्य ऑफिसनं छापलीय हो."

"मग मुख्य ऑफिसच्या पायांनी मोजली असतील. हे बघा, मी भांडायला आलेले नाही. लिहिलेली पन्नास मी बघते. वरची बावीस तुम्ही द्या."

"पावलं कशी देणार, काकू?"

"ते तुम्ही ठरवा. मी बसलेय."

आणि बसल्या. फोन वाजले, पाहुणे आले, चहा आला, चहाही घेतला. पण उठल्या नाहीत. तासाभरानं मॅनेजरनं हात टेकले. हॉलमधला जुना, लांबलचक पट्टीचा गालिचा टाकून द्यायचा होता, तो हवा तर घ्या म्हणाला. वर माळीही मदतीला दिला, एका दिवसापुरता. "पण रिसॉर्टची कसली जबाबदारी नाही बरं का!"

"जबाबदारी मागायला मी इथं कशाला येऊ? ती घरी ढीगभर आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई कामाला लागल्या. माळीबुवांनी गालिचा उलगडला. लाल रंगाचा, मधोमध विरलेला. जिथं खड्डे, तिथं बाईंनी परवाचे हंस अंथरले. मग रिकाम्या खुर्चीवर मोठी बॅग बसवली आणि ढकलून पाहिलं. सातव्या पावलाला गालिचा दुमडला, खुर्ची कलंडली, बॅग वाळूत उताणी पडली.

"काकू, हे काही जमायचं नाही," माळीबुवा म्हणाले.

"तुम्ही धरा हो तिकडून."

दुसऱ्यांदा बॅग पाचव्याच पावलाला पडली. तिसऱ्यांदा बाईही तिच्यासोबत पडल्या, आणि तेवढ्यात मागून आरोळी आली:

"अगं ए! रस्ता घालतेस की गोधडी?"

माळीबुवा दचकले. व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत मुकादम तसेच पाठमोरे बसले होते, पण समोरच्या काचेच्या दारात त्यांना सगळा तमाशा दिसत होता. सकाळपासून दिसत होता.

आठ महिन्यांनी आलेलं ते पहिलं धड वाक्य. बाई वळणारच होत्या. पण चाळीस वर्षांचा संसार कामी आला. त्यांनी मुद्दाम मागं वळून पाहिलं नाही. वाळू झटकत म्हणाल्या, "तुम्हाला काय त्याचं? तुम्ही आपलं दार बघा."

आणि त्यांनी गालिच्याचं टोक पुन्हा ओढलं.

"मला फिरव," मुकादम म्हणाले.

दोघांनी मिळून त्यांची आरामखुर्ची समुद्राकडे फिरवली. मुकादमांनी समुद्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी पाहिली वाळू, उतार आणि तो बिचारा गालिचा.

"आधी तो उचला. खाली काही नाही आणि वर गालिचा! पाया नको?" शब्द अडखळत येत होते, पण येत होते. "माळीबुवा, झावळ्या टाकता कुठं?"

"स्वयंपाकघराच्या मागं, काका. ढीग पडलाय."

"आणा. आडव्या टाका, एकीवर एक, देठ एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. आणि हिरवळीवर फिरवता तो रोलर कुठाय?"

"तो हिरवळीचा आहे, काका."

"त्याला काय ठाऊक खाली काय आहे ते?"

मग काम सुरू झालं. झावळ्या पडल्या, त्यांच्यावर वाळू, वाळूवर बागेच्या नळीनं पाणी, आणि पाण्यानंतर रोलर. कोरडी वाळू पाय गिळते, ओली वाळू भार घेते, हे मुकादमांनी तीनदा सांगितलं. पहिल्यांदा माळीबुवांना, दुसऱ्यांदा बायकोला, तिसऱ्यांदा शेजारच्या खोलीतून बघायला आलेल्या पाहुण्यांना.

"मूठ करून बघ," ते बाईंना म्हणाले. "उघडल्यावर सुटता कामा नये."

"नाही सुटत."

"दाखव." बाई मूठ घेऊन व्हरांड्यापर्यंत आल्या. मुकादमांनी उजव्या हाताच्या अंगठ्यानं वाळू दाबून पाहिली. "अजून पाणी मारा."

"एवढी तर माझ्या कणकेची चौकशी केली नाहीत कधी!"

"तिच्यावरून गाडी न्यायची नव्हती."

दुपारी दोनपर्यंत बाईंचे खांदे भरून आले. चपलेच्या पट्ट्यानं घोटा सोलवटला होता. माळीबुवा एकदाच पाणी प्यायला बसले, तर मुकादमांनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं आणि ते उठले. पन्नासाव्या पावलाला झावळ्या संपल्या. गालिचाही तिथवरच पुरला. पुढं अजून नुसती वाळू, तिच्यापलीकडं दूर पाणी.

बाईंनी कपाळावरचा घाम पुसला. मॅनेजर येऊन लांब उभा होता; आपली बावीस पावलं कोणी मागेल की काय, या धास्तीनं लांब.

"झावळ्या नाहीत तर फळ्या आणते," बाई म्हणाल्या. "पलंगाखाली असतील. पण आज पुरं करणार म्हणजे करणार."

"थांब," मुकादम म्हणाले. "माळीबुवा, तुमच्या पायाशी ती शेवाळाची रेघ आहे, ती कसली?"

"कालच्या भरतीची, काका. पाणी इथवर येतं. आज साडेचारला येईल."

मुकादमांनी रेघ पाहिली. रस्त्याचं टोक पाहिलं. दोन्हींमध्ये वीतभरही अंतर नव्हतं.

"जाहिरात खोटी नाही," ते म्हणाले. "पावलं भरतीला मोजलीत. वरची बावीस समुद्रच चालत येईल."

"मी सांगत होतो ना, काकू!" मॅनेजर तिथूनच म्हणाला.

"गप बसा. तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं!"

चार वाजता मुकादमांना चाकांच्या खुर्चीत बसवलं. "उलटी घे," ते म्हणाले, "उतारावर गाडी उलटी उतरवतात." बाई मागं, म्हणजे खालच्या बाजूला, माळीबुवा समोरून धरून. चौथं पाऊल आलं. बाईंनी श्वास रोखला. चाकं गालिच्यावरून चालत राहिली. सातवं गेलं. मुकादमांची नजर समोरून सरकत जाणाऱ्या रस्त्यावर होती, आणि मध्येच "हं, इथं दबलंय," असं ते स्वतःशीच पुटपुटत होते.

पन्नासाव्या पावलाला खुर्ची फिरवली. बाईंनी खाली बसून त्यांच्या दोन्ही पायांतले मोजे काढले. आठ महिन्यांत पाय पांढुरके पडले होते. मग दोघं वाट बघत बसली. समुद्राला घाई नव्हती. एक लाट अलीकडं यायची आणि काहीतरी विसरल्यासारखी परत जायची.

"नाही आला तर?" बाईंनी विचारलं.

"माणसं उशिरा येतात. हा येतो."

आला. आधी चाकाला लागला, मग उजव्या पावलाला. मुकादमांची बोटं आखडली. दुसरी लाट मोठी होती. ते डाव्या पायाकडं बघत राहिले.

"डावा भिजला का गं? मला काही कळत नाही. तू बघून सांग."

बाईंनी वाकून हात लावला. उगाच दोनदा लावला.

"भिजला. घोट्यापर्यंत."

"मग काम पास," मुकादम म्हणाले.

बाईंनी साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि खुर्ची घट्ट धरून ठेवली, कारण तिसरी लाट त्याहून मोठी दिसत होती. माळीबुवा परत चला म्हणत होते. मुकादमांनी मान हलवली.

"अजून दोन घेऊ. आणि उद्या कडा दाबायच्या आहेत, डावीकडची ढिली आहे. सहाला उठव मला."

"सहाला मी उठत नाही."

"मग मी उठवीन."