कायमचे बंद

नागरिकहो, निवृत्तीनंतर पुष्कळांना समाजसेवेची हुक्की येते, आणि हल्ली ती खुर्चीतून न उठता भागवता येते. आपल्या गोष्टीतले पोस्टमनकाका असेच. चौतीस वर्षं टपाल वाटलं. मग गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि काकांना फोनवर वस्तीचा नकाशा सापडला.

हा नकाशा कुठल्या कंपनीचा नव्हता, वस्तीतल्याच लोकांनी मिळून चालवलेला होता. कुठलं दुकान कुठे, कधी उघडतं, कुठल्या जिन्याची पायरी मोडली आहे, हे ज्याला दिसेल त्याने भरायचं. काका त्यातले सर्वांत जुने स्वयंसेवक. दुपारी जेवण झालं की चार दुकानं दुरुस्त करायची आणि मग डुलकी.

त्या दिवशी काकूंनी त्यांच्यापुढे पँट टाकली.

"कंबर सैल करून आणा. बटण लावल्यावर श्वास सोडता येत नाही तुम्हाला."

"शिवणवाल्या ताईंचं दुकान बंद झालं."

"कोण म्हणतं?"

"नकाशात आहे. 'कायमचे बंद'."

"आणि नकाशात कोणी लिहिलं?"

काकांनी फोनमध्ये पाहिलं आणि फोन हळूच पालथा ठेवला.

"एका अनुभवी स्वयंसेवकाने."

"म्हणजे तुम्हीच!"

"अगं, महिन्यापूर्वी बसमधून पाहिलं मी. शटर खाली होतं."

"एकदाच पाहिलंत?"

"बस एकदाच गेली."

काकू खाली टेकल्या. चाळीस वर्षं असले युक्तिवाद ऐकून माणूस दमतो. "टपाल वाटत होतात," त्या म्हणाल्या, "तेव्हा पाकिटावर 'घर बंद' लिहिण्याआधी किती वेळा जायचात?"

"तीन दिवस. रोज कडी वाजवायची, मग शेजारी विचारायचं. माझा नियमच होता तो."

"पाय चालत होते तोवर नियम होता. आता नुसतं बोट चालतं, म्हणून नियमही निवृत्त झाला का?"

काकांनी पँट पिशवीत घातली.

दुकान चौकापलीकडे. शटर अर्धं वर होतं. आत ताई शिवणयंत्र पुसून जुन्या चादरीत गुंडाळत होत्या.

"या काका. उशीर केलात. मशीन देऊन टाकली मी, संध्याकाळी न्यायला येतायत."

"अहो, पण का?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालं. दहा दिवस बंद ठेवलं. उघडल्यापासून तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. लोकांना वाटलं असेल, हिला आता सुई कुठली दिसायला! जाते भावाकडे. शिवायचा कंटाळा नाही आला हो. वाट बघायचा आला."

पंचाईत बघा! काकांची चूक संध्याकाळपर्यंत आपोआप खरी ठरणार होती. गप्प बसलं की नकाशा बिनचूक! तसा मोह त्यांना झालाही, खोटं कशाला सांगू. पण हातातली पिशवी जड वाटायला लागली.

"ताई, लोकांनी काही ठरवलं नाही. तुमचं दुकान मी बंद केलं." त्यांनी फोन पुढे धरला.

ताईंनी तो हातात घेऊन वाचला. "अक्षर न् अक्षर दिसतंय," त्या म्हणाल्या. "इतकं स्वच्छ दिसलं नसतं तरी चाललं असतं."

काकांनी तिथल्या तिथे 'चालू' दाबलं. फोनवर सूचना आली: आणखी दोन रहिवाशांनी दुकानासमोर उभं राहून दुजोरा द्यावा. बंद करायला एक बोट आणि उघडायला तीन माणसं! हा गाढव नियम कोणी केला? मागच्या वर्षी नकाशावाल्यांच्या सभेत, शिस्तीसाठी, एका अनुभवी स्वयंसेवकाने.

काकांनी समोरच्या औषधवाल्याला हाक मारली.

"दुकान चालू आहे हे मला दिसतं की रोज," तो म्हणाला.

"मग कळवलं का नाहीस?"

"नकाशात बंद होतं ना! मला वाटलं, ताई आवराआवर करायला येतात."

त्याने ओशाळून आपल्या फोनवर दुजोरा दिला. दुसऱ्या दुजोऱ्यासाठी काकूंना बोलावलं. त्या हाशहुश करत आल्या, बटण दाबलं आणि स्टुलावर बसल्या. नकाशावरचा लाल ठिपका हिरवा झाला. गिऱ्हाइकांची झुंबड वगैरे काही उडाली नाही. रस्ता होता तसाच सुस्त.

"आधी माझ्या पँटचं बघा," काका अजिजीने म्हणाले. "त्या मशीनवाल्यांना सांगा, काम हातात आहे."

ताईंनी पँटकडे पाहिलं, मग काकांच्या पोटाकडे. चादर सोडली. पहिल्याच झटक्यात सुईत दोरा ओवला आणि म्हणाल्या, "परवा या."

पुढच्या सभेत काकांनी उभं राहून आपली चूक सांगितली आणि नियम उलटा करून घेतला. उघडायला एकाची साक्ष पुरे. बंद करायचं तर तीन वेगवेगळ्या दिवशी जायचं आणि शेजारी विचारायचं. काही चुकीचं दिसलं तर 'दुसरा कोणी कळवेल' म्हणून न थांबता, दिसेल त्याने त्याच दिवशी कळवायचं.

नागरिकहो, तात्पर्य एवढंच. आपण मिळून चालवलेल्या नकाशावर एक शब्द लिहिला की पलीकडे कुणाचं तरी शटर हलतं. तेव्हा बोट टेकवण्याआधी एकदा बूड उचला!

काका आता प्रत्येक बंद दुकानाला तीनदा जातात, कण्हत, कुथत. दोन महिन्यांत ती पँट पुन्हा ताईंकडे गेली. कंबर आत घ्यायला.