ओळ सव्वीसचे दोन मालक

कर भरायची शेवटची तारीख, एप्रिलची पंधरा, आली की आमच्या गावातली भली भली माणसं माझ्या दारात रडकं तोंड करून उभी राहतात. एकतीस वर्षं मी लोकांची कराची रिटर्नं भरते आहे. बुटांच्या खोक्यात कोंबलेल्या पावत्या पाहिल्या, केचपने माखलेल्या पाहिल्या. एकाने तर कुत्र्याला मुलगा म्हणून दाखवायचा हट्ट धरला होता. पण यंदा नॉर्ब आणि मर्नाने जो उच्छाद मांडला, त्याला तोड नाही.

बावीस वर्षं ही दोघं नवरा-बायको होती. विस्कॉन्सिन राज्यभरच्या जत्रांत त्यांची चीजच्या भज्यांची गाडी लागायची. डिसेंबरच्या एकोणतीस तारखेला घटस्फोट झाला, आणि दोघांनी वाटणी इतकी अक्कल चालवून केली की गाडी आणि कढई गेली नॉर्बकडे, भज्यांच्या पिठाची कृती गेली मर्नाकडे. म्हणजे बसा बोंबलत! नॉर्बने मार्चमध्ये आपल्या डोक्याने पीठ भिजवून पाहिलं. ती भजी शेजाऱ्याच्या कुत्र्याने हुंगली आणि तो निमूटपणे घरी निघून गेला.

मर्नाला मात्र एक जुनी गाडी सापडली होती, शेबॉयगनच्या एका म्हाताऱ्याची. किंमत तीन हजार डॉलर. म्हातारा मेच्या मध्यापर्यंत थांबणार, नंतर ती मिलवॉकीच्या टाकोवाल्याला देणार. मर्नाकडे तर सरकारला द्यायचं सोडलं तर दमडी नाही. वकिलांनी दोघांनाही पिळून वाळत घातलेलं. तिचा सगळा जीव कराच्या परताव्यात अडकला होता. परतावा पुरला तर गाडी, नाही पुरला तर बहिणीच्या सलूनमध्ये केस झाडायचे.

गावात रिटर्न भरणारी मी एकटी, त्यामुळे दोघंही माझ्याकडेच आली. तीही एकाच वेळी, पंधरा एप्रिलला दुपारी तीनला.

"मी त्याच्याबरोबर एका खोलीत बसणार नाही," मर्ना दारातूनच म्हणाली.

"मग काय छपरावर बसवू?" मी म्हटलं, आणि तिला स्वयंपाकघरात बसवलं, पुढ्यात लिंबाच्या वड्या ठेवल्या. नॉर्ब पुढच्या खोलीत. मधलं दार अर्धं उघडं. या पठ्ठ्यांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं, पण बोलणं माझ्यामार्फत. गुडघे दुखणारी बाई मी, त्या दारातून किती खेपा घातल्या देव जाणे.

भांडण होतं आगाऊ कराचं. धंदेवाल्यांचा कर काही पगारातून कापला जात नाही, म्हणून वर्षात चार हप्ते आधीच भरावे लागतात. यांनी गेल्या वर्षीचे चारही जोडीने भरले होते. चौथा खरं तर जानेवारीत असतो, पण नॉर्ब जानेवारीभर गोठलेल्या तळ्याला भोक पाडून माशांची वाट बघत बसतो, म्हणून तो हप्ता डिसेंबरातच भरून मोकळा होतो. हे आगाऊ भरलेले पैसे रिटर्नमध्ये ओळ सव्वीसवर दाखवायचे. आता रिटर्नं झाली दोन, आणि हप्ते मात्र तेच चार.

"चारही चेक मी लिहिले," नॉर्ब म्हणाला. "चारही वेळा पोस्टात मी गेलो. हप्ते माझे."

मी स्वयंपाकघरात गेले. "तो म्हणतो, चेक त्याने—"

"ऐकलं मी! त्याला सांग, चेक लिहायला अक्कल लागत नाही. पैसे कुठून आले? कढईपुढे कोण भाजून निघत होतं?"

मी परत फिरले. "ती म्हणते—"

"कढईपुढे ती होती, मान्य. पण गिऱ्हाइकांशी गोड कोण बोलत होतं?"

"गोड?" आतून आवाज. "इर्मा, विचार त्याला, त्या फॉन्ड-डु-लॅकच्या जत्रेतल्या बाईला फुकट भजी कुणी दिली होती!"

"अगं, ती मेयरची आई होती!" नॉर्ब ओरडला, आणि मग आपण थेट बोललो हे ध्यानात आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "सांग तिला. मेयरची आई होती."

"गप्प बसा दोघं!" मी मधल्या दारात बूड टेकलं. खुर्ची तिथेच ओढून घेतली, सरळ. "नियम सोपा आहे. तुमचं एकमत झालं तर वाटेल तसं वाटून घ्या. नाही झालं, तर ज्याचा जेवढा कर तेवढ्या प्रमाणात वाटणी. तुमचा कर सारखाच, म्हणून निम्मे निम्मे. दोघांनी सगळे हप्ते आपल्याच नावावर दाखवलेत, तर दोघांनाही कर खात्याचं पत्र येईल, आणि ते प्रेमपत्र नसेल."

नॉर्बने मान डोलावली. मी आकडे मांडले. निम्म्याने तिला परतावा येत होता एकवीसशे.

"नऊशे कमी," ती हळूच म्हणाली.

मी तिच्याकडे बघायचं टाळलं. कारण नऊशेचा एक चेक तिच्या पर्समध्ये होता, आणि तो मीच लिहायला लावला होता. पंधरा एप्रिलला गेल्या वर्षीचं रिटर्न तर जातंच, पण चालू वर्षाचा पहिला आगाऊ हप्ताही त्याच दिवशी भरायचा असतो. दोघांनाही मी गेल्याच आठवड्यात फोनवर नऊशे-नऊशेचाच हिशेब करून दिला होता.

"मी हप्ता नाही भरला तर?" ती म्हणाली.

"तर दंड बसेल. आणि पुढच्या वर्षी इथे बसून रडशील ते वेगळं."

"मग झाडते केस," मर्ना म्हणाली, आणि एक आख्खी वडी तोंडात कोंबली. नॉर्ब आपल्या टोपीकडे बघत बसला. मला त्याचा असा राग आला की काय सांगू, पण नियम मीच सांगितलेला.

पुढचं काम उरकायला घेतलं. जोडीने भरलेल्या हप्त्यांत वाटणी झाली की ओळ सव्वीसजवळ आधीच्या जोडीदाराचा सरकारी नंबर लिहावा लागतो, नऊ आकडी. मी नॉर्बला म्हटलं, "मर्नाचा नंबर सांग." त्याने छताकडे बघत एका दमात नऊ आकडे म्हणून टाकले.

स्वयंपाकघरात खुर्ची कर्रकन वाजली. "विचार त्याला," मर्ना म्हणाली, "माझा वाढदिवस कधी असतो."

नॉर्बला घाम फुटला. "ऑगस्टमध्ये... कधीतरी."

"पंधरा जून, गाढवा!"

"पंधरा जूनला तर मी हप्ता भरायला जातो," नॉर्ब थक्क होऊन म्हणाला. "तरीच त्या दिवशी तू नेहमी चिडलेली असायचीस!"

हसू दाबायला मला कागद तोंडापुढे धरावे लागले. "आणि नंबर बरा पाठ आहे रे?"

"वाढदिवस वर्षातून एकदा येतो. नंबर वर्षातून चारदा लिहायचा. आजही सकाळी लिहिला की."

मी कागद खाली ठेवले. "आज सकाळी काय लिहिलंस?"

"यंदाचा पहिला हप्ता. आलो ते पोस्टात टाकूनच."

"नंबर कुणाचा घातलास?"

"नेहमीचाच. पहिल्या रकान्यात तिचा, दुसऱ्यात माझा." बोलता बोलता त्याचा चेहरा पडला. "अरे देवा."

"अरे देवा नाही, अरे बैला! पहिल्या रकान्यात ज्याचा नंबर, पैसे त्याच्या खात्यावर. नऊशे डॉलर तू मर्नाच्या नावावर भरून आलास!"

स्वयंपाकघरात पर्सची चेन उघडल्याचा आवाज झाला. हिशेब मर्नालाही कळला होता. तिचा हप्ता भरला गेला होता. पर्समधला चेक फाडायला ती मोकळी होती. एकवीसशे आणि नऊशे, तीन हजार. शेबॉयगनची गाडी.

पण मी इमानाने धंदा करते. म्हटलं, "नॉर्ब, ही चूक दुरुस्त करता येते. कराच्या हापिसात फोन लावायचा. ते उचलेपर्यंत जुलै उजाडेल, पण होईल."

नॉर्बने टोपी दोनदा फिरवली. मग मधल्या दाराकडे न बघता म्हणाला, "राहू दे."

"अरे, तुझा स्वतःचा हप्ता परत भरावा लागेल. आजच."

"भरतो की. बर्फावरची टपरी विकतो. नाहीतरी मासे मला विचारत नाहीत."

मी हप्त्याचा कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने चेक लिहिला, पाकिटातून कार्ड शोधून पहिल्या रकान्यात आपला नंबर उतरवला, प्रत्येक आकडा तपासत. स्वतःचा नंबर काही त्याला पाठ नव्हता; तो दरवेळी कार्डावरूनच उतरवायचा. मग पेन दुसऱ्या रकान्यावर येऊन थांबलं.

"इथे?"

"इथे जोडीदाराचा. तुला नाही, म्हणून रिकामा सोड."

"रिकामा," तो म्हणाला. पेन तसंच धरून बसला. इतका वेळ बसला की मला राहवेना. भल्या माणसा, सोड की रिकामा, एवढंच करायचं होतं.

मर्ना बाहेर आली. पर्स खांद्याला, ओठाला पिठीसाखर. दुपारभरात पहिल्यांदा ती त्या खोलीत शिरली. तिने त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या रकान्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ मारली.

"नाही तर सवयीने लिहिशील परत," ती म्हणाली. मग ओठाची साखर पुसली.

नॉर्बने मान डोलावली आणि लिफाफा चाटून बंद केला. पावणेपाच झाले होते, आमचं पोस्ट पाचला बंद होतं, म्हणून मर्नाने त्याच्यासाठी दार उघडून धरलं.