रिकाम्या हंड्याचं प्रेशर

हंड्यापुढे चाळीस-पन्नास माणसं हात जोडून उभी होती आणि सगळ्यात पुढे आमचे मॅनेजरसाहेब. हंडा म्हणजे रंगासाठी राळ शिजवायचं आमच्या कारखान्यातलं भलंमोठं बंद भांडं. पूर्वी दर शिफ्टला त्याचं प्रेशर सहाच्या वर जायचं, भोंगा कोकलायचा, काम थांबायचं. महिन्यापूर्वी चमत्कार करणारे एक बाबा आले. त्यांनी प्रेशर दाखवणाऱ्या गेजवर काळं फडकं टाकलं, खाली हात घालून काहीतरी पुटपुटले आणि फडकं उचललं. सुई चारवर. तेव्हापासून ती चारवरच होती आणि भोंगा मुका. आज बाबांचा सत्कार होता.

हे सगळं मी रजेवर असताना घडलं. मी गेज दुरुस्त करणारा. हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि नेमका सत्काराच्या दिवशी कामावर परतलो होतो. तीस वर्षांत मला कुणी साधा हार घातला नाही, त्यामुळे थोडी जळजळ झाली हे कबूल करतो.

“सुई का थरथरते?” बाबा विचारत होते. “तुमचं मन थरथरतं म्हणून. यंत्राला तुमची भीती कळते. तुम्ही सुईकडे बघायचं सोडा, सुई तुमच्याकडे बघेल.”

साहेब मान डोलावत होते. सुईकडे विनाकारण बघू नये, अशी नोटीसच त्यांनी लावली होती.

या हंड्यावर ऑपरेटर कोण, तर आमचे जावई. जावयाला वेडा म्हणायची सोय नसते, म्हणून मी त्यांची नोंदवही चाळून हळूच विचारलं, “जावईबापू, उद्या दुपारचं रीडिंग आजच लिहिलंत?”

“मामा, सुई हलतच नाही. मग आठवड्याचं एकदम लिहून टाकतो. तेवढाच हात मोकळा.”

माझे टाके ठणकायला लागले. हंडा फुटला तर पहिला जाणार हा माणूस, आणि माझी लेक घरी जेवायला थांबलेली असणार. मला खरंच भीती वाटली.

मग मी वर बघितलं. सत्कारासाठी हंडा धुऊन ठेवला होता. झाकण उघडं होतं आणि सफाईवाल्या मावशी वरून बॅटरी मारून आत बघत होत्या. खाली सुई चारवर.

“साहेब, हंड्यात काय आहे?”

“काही नाही. सकाळीच रिकामा केलाय.”

“झाकण?”

“उघडंय की.”

“मग हे चार प्रेशर कुणाचं?”

मावशी वरूनच म्हणाल्या, “बाबांचं असेल. मघापासून तेच फुगलेत.”

मी काळं फडकं गेजवर टाकलं, खाली हात घातला आणि मंत्र म्हणून पाढे पुटपुटलो. फुस्स झालं. फडकं काढलं तर सुई शून्यावर.

गेजच्या खाली नळीवर एक छोटा कॉक असतो. तो बंद केला की गेजचा हंड्याशी संबंध तुटतो. नळीत अडकलेल्या प्रेशरवर सुई जागच्या जागी राहते. भोंग्याचं बटणही त्याच नळीवर, म्हणून तोही गप्प. बाबांनी सुई चारवर असताना तो बंद केला, चमत्कार एवढाच. बाबा पूर्वी कुठेतरी फिटर होते, हे मागाहून कळलं.

“तुमची श्रद्धा कमी पडली,” बाबा म्हणाले.

“तुमची भरपूर आहे ना? मग कॉक बंद करतो. पुढचा घाणा उतरेपर्यंत हंड्याला टेकून बसा.”

बाबांना एकाएकी दुसरा कार्यक्रम आठवला. हार तिथेच राहिला.

प्रेशर का चढायचं तेही संध्याकाळपर्यंत सापडलं. हंडा थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या जाळीतून दोन बादल्या शेवाळ निघालं. जाळी साफ करा, असं मी रजेआधी लेखी दिलं होतं. तो कागद साहेबांच्या टेबलावर बाबांच्या फोटोखाली होता.

जावई पायरीवर बसून होते. “मामा, महिनाभर मी आंधळ्यासारखा शिजवत होतो. घरी सांगू नका.”

“सांगणार,” मी म्हणालो आणि सांगितलंही. लेक दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

तेव्हा माझं सांगणं साधं आहे. भोंगा वाजला तर त्याचं तोंड बंद करणाऱ्याला हार घालू नका, तो का वाजतोय ते शोधा. आणि सुई फारच शांत दिसली, तर ती रिकाम्या हंड्यावर एकदा तपासून घ्या.

आता जावईबापू रोज दुपारी मला फोन करतात. “मामा, सुई साडेतीनवर. बघून लिहिलंय.”