मी चुकीच्या तोंडावर चढलो

मी गॅसचा मास्क बोलतोय. गोडीगुलाबीनं बोलेन, अशी आशा धरू नका.

भोपाळची बातमी आली आणि सातपूरच्या आमच्या कारखान्यात साहेब लोकांना घाम फुटला. तपासणीवाले येणार म्हणून मला घाईघाईनं मुंबईहून आणलं. काळं रबर, काचेचे दोन डोळे, नाकाखाली गॅस गाळणारा डबा. माझी जागा क्लोरीनच्या शेडच्या दारात होती. ठेवलं मात्र ऑफिसात, काचेच्या कपाटात, कुलूप लावून. चावी सुपरवायझर खंडेरावाच्या खिशात. तपासणीवाले मला पाहून खूश झाले आणि चहा पिऊन गेले. अख्ख्या कारखान्यात मी एकटाच का, हे कोणी विचारलंच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह सुटला. पिवळट हिरवा गॅस जमिनीलगत पसरत निघाला. माणसं खोकत, डोळे चोळत बाहेर पळाली. ऑपरेटर देवराम पगारे तेवढा ऑफिसात धावत आला.

"सायेब, मास्क द्या लवकर! झाडूवाली लंकाबाई आत पडलीय!"

खंडेरावानं कपाट उघडलं, मला उचललं आणि स्वतःच्याच तोंडावर चढवलं.

"अहो, मला द्या ना! व्हॉल्व्ह मी बंद करतो!"

"तू थांब. मी बघून येतो."

तो निघाला. शेडकडे नाही, गेटकडे. आधी चालत, मग पळत. तंबाखूच्या वासाचा त्याचा श्वास माझ्यात आपटत होता. तो कोंडून टाकावा असं मला फार वाटलं. पण रबराला कुठली आलीय मर्जी? त्या भेकडाला मी शुद्ध हवा देत राहिलो.

देवरामनं ओला टॉवेल तोंडाला बांधला. लंकाबाईला ओढत गेटापर्यंत आणलं, परत आत जाऊन व्हॉल्व्ह आवळला. दवाखान्यातून तो घरी आलाच नाही.

शोकसभेत खंडेराव मला हातात घेऊन उभा राहिला. "मी आत जाणारच होतो. देवरामनं घाई केली."

लंकाबाई उठली. तिचा घसा अजून फाटलेला होता. "घाई? मला सुद आली तवा तुम्ही गेटाबाहेर हुभे व्हते, ह्यो तोंडावर घालून! माझा जीव देवरामनं वाचवला. तुम्ही कोनाचा वाचवला, सांगा ना!"

साहेबांनी सभा आटोपती घेतली. दुसऱ्या दिवशी लंकाबाईला कामावरून काढलं. खंडेराव आहे तिथंच आहे.

मीही त्याच कपाटात आहे. रबराला चिरा गेल्यात, डब्यातला कोळसा निकामी झालाय. तरी पाहुण्यांना मला कौतुकानं दाखवतात.

कामगारांनो, माझ्या भरवशावर राहू नका. गॅस सुटला तर कपाटाकडे धावू नका. वाऱ्याला आडवे पळा, उंचावर चढा, एकमेकांना ओढून न्या. आणि खंडेराव मला चढवून पळालाच, तर पळू द्या. आता माझ्यात त्याला वाचवण्याइतकंही काही उरलेलं नाही.