शेवटच्या गाडीचा सांधा

आल्विनने लाल कापडाचा तागा शिलाई यंत्रावर टाकला, तेव्हा हेर्मिना नवऱ्याच्या कोटाच्या अस्तरात चांदीचे चमचे शिवत होती. तिने कोट हळूच मांडीवर ओढून घेतला.

"एकच झेंडा पाहिजे, पण मोठा," आल्विन म्हणाला. "शाळेच्या छपरापासून खालच्या पायरीपर्यंत आला पाहिजे. उद्या सकाळी सैन्य येतंय, ताई."

"किटेलबाईंकडेपण यंत्र आहे."

"किटेलबाईला सरळ शिवण येत नाही. तूच म्हणायचीस."

आल्विन तिचा धाकटा भाऊ. मागच्या वर्षापर्यंत लाकडाच्या वखारीत फळ्या मोजायचा आणि रविवारी बहिणीकडे जेवायला यायचा. आता त्याच्या दंडावर नाझींची पट्टी होती आणि खांद्याला सीमेपलीकडून आलेली बंदूक.

एर्लेनडोर्फ गाव चेकोस्लोव्हाकियाचं, पण माणसं जवळजवळ सगळी जर्मन. हेर्मिनाही जर्मनच. तिचा नवरा बोहुमिल व्रबा मात्र चेक. गावच्या स्टेशनावर सांधेवाला, गाड्यांसाठी रूळ बदलणारा. म्युनिकमध्ये चार देशांचे पुढारी बसले, सह्या झाल्या, आणि हा सगळा डोंगराळ पट्टा जर्मनीला मिळाला. गावातली मोजकी चेक घरं रिकामी होत होती. आज दुपारी शेवटची गाडी सुटायची होती.

"बोहुमिल दुपारी जातोय ना?" आल्विनने विचारलं.

"आम्ही दोघं जातोय."

आल्विन स्टूल ओढून बसला. "तुला कोण घालवतंय? घर तुझं, माणसं तुझी. तिकडे जाऊन काय करशील? तोंड उघडलंस की जर्मन म्हणून तोंडावर थुंकतील."

यात काही खोटं नव्हतं. उन्हाळ्यात ती तिकडे नणंदेकडे गेली होती, तेव्हा पाववाल्याने तिचे उच्चार ऐकून तिला पाव नाकारला होता. हे तिने बोहुमिललाही सांगितलं नव्हतं.

"त्याला नीट जाऊ द्याल?" तिने विचारलं.

"झेंडा वेळेवर दे. स्टेशनापर्यंत रस्त्यात कोणी बोट लावणार नाही. माझा शब्द."

तो गेल्यावर तिने कापड उलगडलं. स्वयंपाकघरभर लाल पसरलं. तिने दोरा ओवला आणि यंत्राचं पायडल हलवलं.

बोहुमिल घरी आला तो दारातच थबकला. त्याचा एक पाय जुन्या अपघातापासून अधू होता. उभं राहिलं की तो चौकटीला रेलायचा.

"हे कुणासाठी?"

"तुझ्यासाठी," ती मान वर न करता म्हणाली. "आल्विनने शब्द दिलाय."

बोहुमिलने स्टुलावर बसून टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.

"म्युनिकमध्ये आपल्या सरकारच्या माणसांना बाहेरच्या खोलीत बसवून ठेवलं म्हणे. आत सौदा चालला होता," तो म्हणाला. "मी म्हटलं, मोठ्यांचं मोठ्यांपाशी. आपल्याला कुठे कोण विचारतंय? पण आता माझ्याच घरात, माझ्याच बायकोनं..."

त्याने वाकून शिवणीला बोट लावलं.

"टाके जरा लांब घाल, मिना. पहिल्या वाऱ्याला उसवू दे."

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. पण टाके तिने बारीकच घातले. आल्विन शिवण उलटून पाहणार, हे तिला ठाऊक होतं.

आल्विनने शब्द पाळला. दोघं हातगाडी ओढत निघाली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना गाव उभं होतं, पण कोणी पुढे आलं नाही. किटेलबाईंनी खिडकी लावून घेतली. कोणीतरी बोहुमिलच्या बुटापुढे थुंकलं. तो थुंकी ओलांडून गेला. हेर्मिना एकेकाच्या अंगावरचे कपडे पाहत होती. त्यातले कितीतरी तिने बेतलेले होते. त्यांच्या आतली माणसं मात्र ओळख दाखवत नव्हती.

स्टेशनात बाजूच्या रुळावर मालडब्यांची गाडी उभी होती. शाळामास्तरांचं कुटुंब, पोस्टमन, खुर्चीत बसवलेली हवालदाराची म्हातारी आई, गाद्या, कोंबड्यांची खुराडी, एक बकरी. दारं उघडी होती आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. स्टेशनमास्तर कालच गेला होता. गाडी बाजूच्या रुळावरून मुख्य रुळावर काढायचं काम एकट्या बोहुमिलवर होतं.

तो सांध्याकडे गेला आणि घाईने लंगडत परत आला.

"वजन काढून नेलंय," त्याने इंजिनावरच्या कुबेशला सांगितलं.

सांध्याच्या दांड्याला लोखंडी वजन असतं. त्या भाराने रूळ जागच्या जागी दाबून राहतात. वजन नसेल तर चाकांच्या हादऱ्याने सांधा मधेच सरकू शकतो. अर्धी गाडी एका रुळावर, अर्धी दुसऱ्यावर. त्याच्या लगेच पुढे नदीकडचा उतार होता आणि मग पूल.

"मग?" कुबेशने विचारलं.

"दांडा हाताने दाबून धरायला लागेल. शेवटचं चाक जाईपर्यंत."

"धर की. पण मी पुढे थांबणार नाही, बोहुश. काल वरच्या स्टेशनावर गाडी थांबली आणि झाडीतून गोळ्या सुटल्या. हे बघ, जमायला लागलेच."

फाटकापाशी बंदुका घेतलेली माणसं गोळा होत होती. त्यांत आल्विन दिसत नव्हता.

"मी धरतो," बोहुमिल म्हणाला. "शेवटचा डबा आला की चढेन."

"या पायानं?" हेर्मिना म्हणाली. "तू चढ. मी धरते. तुझ्यापेक्षा मी जोरात पळते."

"तुला झेपणार नाही."

"तुझा जेवणाचा डबा पोचवायला येत होते तेव्हा काय फुलं बघत बसायचे? कसा धरायचा ते ठाऊक आहे मला." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "ते तुला मारतील, बोहुश. मला नाही मारणार. शेवटच्या डब्याच्या दारात उभा राहा आणि हात पुढे कर. बाकी मी बघते."

कुबेशने शिट्टी दिली. फाटकाकडची माणसं चालू लागली. बोहुमिलने तिच्याकडे पाहिलं, तिच्या बाहीला क्षणभर धरलं, आणि लंगडत शेवटच्या डब्याकडे गेला. पोस्टमनने त्याला वर ओढून घेतलं.

हेर्मिनाने दांडा ओढला आणि त्यावर सगळं अंग टाकलं. इंजिन पुढून गेलं. पहिल्याच डब्याबरोबर दांडा तिच्या छातीखाली उसळला. तिने दातओठ खाऊन तो परत दाबला. डब्यामागून डबा जात राहिला. उघड्या दारातून शाळामास्तरांची बायको तिच्याकडे पाहत गेली, म्हातारी पाहत गेली. इंजिन उताराला लागत होतं तसा गाडीला वेग येत होता. पळायचं असेल तर आताच सोडायला हवं होतं, हे तिला कळलं. शेवटच्या डब्याची चाकं अजून यायची होती.

शेवटचा डबा आला. दारात बोहुमिल ओणवा झाला होता, हात बाहेर काढून. तो काहीतरी ओरडत होता. चाकांच्या आवाजात तिला ऐकू आलं नाही. पोस्टमनने त्याला मागून कमरेला धरून ठेवलं होतं. तो हात तिच्या डोक्यावरून गेला.

चाकं सांधा ओलांडून गेली. ती तशीच दांड्यावर ओणवी राहिली.

फाटकाकडून आलेली माणसं थोड्या अंतरावर थांबली. त्यांना काय करावं ते कळेना. मग आल्विन धावत आला, दम लागलेला. त्याने दांड्याकडे पाहिलं, वजनाच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"हे मी सांगितलं नव्हतं करायला," तो म्हणाला. "ताई, खरंच."

तिच्या तळहातांना लोखंडाचा गंज लागला होता आणि बोटं पांढरी पडली होती.

"सोड आता. गेली गाडी."

"पुलावरून जाऊ दे," ती म्हणाली.

गाडी पुलापलीकडे केव्हाच दिसेनाशी झाली होती. आल्विनने बंदूक पाठीवर सरकवली आणि तिच्या हातांशेजारी आपले हात ठेवून दांडा धरला. तिने मान वळवली नाही, आणि हातही काढले नाहीत.