सात दिवसांचं आजारपण

थोरल्या बहिणीचं पोट अकरा वर्षं दुखलं आणि अकरा वर्षं धाकटीचा जळफळाट झाला. खोटं वाटेल, पण दुखण्याचाही हेवा करणारी माणसं असतात बरं! थोरलीला अल्सर, म्हणून आई कायमची थोरलीकडे. थोरलीला तिखट चालत नाही, म्हणून आई तिच्यासाठी वेगळं शिजवणार, तिच्या सोबतीनं स्वतःही अळणीच खाणार. धाकटी मात्र स्वतःच्या पडद्यांच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत एकटी. आईला बोलावलं की उत्तर ठरलेलं: "तुझं काय गं, तू धडधाकट आहेस."

मग एका डॉक्टरीणबाईंनी थोरलीला श्वासाच्या तपासणीसाठी पिशवीत फुंकायला लावलं आणि तिच्या पोटात जंतू निघाला. तीन प्रकारच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. थोरली खडखडीत बरी!

"घरच्यांनाही असू शकतो," असं बाई म्हणाल्या मात्र, दुसऱ्या दिवशी रांगेत पहिला नंबर धाकटीचा. तिलाही करपट ढेकर यायचे, जेवल्यावर जळजळायचं. तिनं जीव खाऊन फुंकर मारली. जंतू निघाला. दुर्बिणीतून अल्सरही दिसला, पण लहान. 'मेला तोही लहानच,' धाकटी मनात म्हणाली. तरी कागद घेऊन घरी येताना तिचे पाय जमिनीवर नव्हते.

आई दोन लुगडी घेऊन राहायला आली. गोळ्यांच्या वेळा तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिल्या, पाण्याचा पेला स्वतः हातात दिला, दोघींचं अळणी शिजवलं. धाकटी दुपारी शिलाईयंत्र बंद ठेवून उगाच पडून राहायची आणि आई केसांतून हात फिरवायची. सुख म्हणजे आणखी काय असतं!

आजार हत्तीच्या पावलानं येतो नि मुंगीच्या पावलानं जातो म्हणतात. धाकटीची सारी भिस्त त्या मुंगीवर होती. पण चौथ्या दिवशीच जळजळ पार गेली, गोळ्यांनी तोंड तेवढं कडू राहिलं.

"रविवारी गोळ्या संपल्या की निघते मी," आई म्हणाली.

"ताईला अकरा वर्षं आणि मला सात दिवस?"

"औषध चांगलं निघालं, त्यात माझा काय दोष?"

अर्धवट सोडलं तर जंतू चिवट होतो, मग तेच औषध पुन्हा लागू पडेलच असं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी दटावून सांगितलं होतं. धाकटीला तेच हवं होतं. पाचव्या दिवशी संध्याकाळी तिनं तिन्ही गोळ्या घेतल्याचं सोंग केलं आणि पडद्याच्या कड्यांच्या डब्यात टाकल्या.

सकाळी आई सुई शोधायला गेली आणि तोच डबा उघडून बसली. आता आपली खैर नाही, असं धाकटीला वाटलं. आईनं गोळ्या तळहातावर घेतल्या.

"तुला नको आहेत का ह्या?"

धाकटी डब्याचं झाकण लावायला लागली.

"मग मी घेऊ? माझंही दुखतं गं."

"कधीपासून?"

"थोरलीच्याही आधीपासून. तुमच्या दुखण्यांत माझं कुठे काढत बसू?"

अकरा वर्षं आई अळणी खात होती. थोरलीच्या मायेपोटी खाते असं सगळे म्हणायचे, नि धाकटी त्यावरूनही जळायची.

"उरल्यासुरल्या गोळ्यांनी नाही भागत, आई. आधी तुझी तपासणी करू," ती कशीबशी म्हणाली. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, तेवढ्यातही तिच्या मनात आलंच: ताईला कळवायचं नाही, म्हणजे आई इथेच राहील.

तिनं दवाखान्यात फोन लावला, चुकवलेल्या गोळ्यांचं कबूल केलं, भरपूर बोलणी खाल्ली आणि आईसाठी वेळ घेतली. बाईंनी सांगितलं तशा सकाळच्या गोळ्या गिळल्या. मग थोरलीला फोन केला.

"ताई, आईला कधी विचारलंस का गं, तुझं पोट दुखतं का म्हणून?"



"तू विचारलंस?" थोरली म्हणाली.

"नाही," धाकटी म्हणाली. "उद्या नऊला दवाखान्यात ये."