खंडेनवमीचं तेल

मी एक जुनी रील आहे. मित्रांनो, तुम्ही अंगठ्याने वर सरकवता ती मोबाइलवरची नव्हे. मी गळाच्या काठीला बसणारी, दोरा गुंडाळणारी आणि सोडणारी रील. नाशिकरोडला साळूबाईंच्या देवघराखालच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माशाच्या वासाच्या वस्तूला देवाजवळ जागा मिळाली याचं तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटतं.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझं आयुष्य सुरू झालं ते खंडेरावांनी मला निवडलं तेव्हा. साळूबाईंचे हे यजमान एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते आणि सुट्टीला दारणेच्या धरणात ट्रोलिंग करायचे. म्हणजे चालत्या होडीमागे लांब दोरा सोडून खोटा मासा ओढत न्यायचा. दुकानदाराने त्यांच्यापुढे चकचकीत रिली मांडल्या आणि ही किती लांब फेकते, ती किती हलकी आहे, असं कौतुक सुरू केलं. खंडेराव म्हणाले, "मला फेकायचं कुठं हाय? होडीमागं नुस्तं सोडायचंय." त्यांना रुंद पोटाची हवी होती, कारण तिच्यात दोरा भरपूर मावतो. मग त्यांनी मला मांडीवर घेतलं, ब्रेक किंचित आवळला आणि कान लावून दोरा हळूहळू ओढला. "धरून ठेवणारी कोणतीबी मिळंल. सोडताना जी अडखळत नाय, ती खरी." माझी मान ताठ झाली. खोटं कशाला बोलू!

घरी साळूबाईंनी मला हळदकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "आली का माझी सवत!"

तसं म्हणायला त्यांना कारण होतं. प्रत्येक फेरीनंतर खंडेराव माझा ब्रेक सैल करायचे, मला मऊ फडक्याने पुसायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. होडीत मुलगा शेखर इंजिनावर, ते काठीपाशी आणि मी मधे. साळूबाई पहाटे उठून भाकरी-ठेचा बांधून द्यायच्या, एवढाच त्यांचा वाटा. एकदा त्यांनी "मीबी येऊ का?" असं विचारलं होतं. "होडीत बायांचं काय काम?" म्हणत खंडेराव हसले. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

खंडेरावांना आयुष्यात एकदा मोठा महसीर धरायचा होता. लहानसहान मासे खूप आले, तो मात्र कधी आला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांचं हृदय कुरकुर करू लागलं आणि डॉक्टरांनी पाण्यावर जाणं बंद केलं. त्यांनी शेखरजवळ हट्ट धरला, "दसऱ्याला एकदाच नेऊन आण. मंग नाव काढणार नाय."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्या घरी विळा, कोयता, पाने, पक्कड, सगळं धुऊन, तेल देऊन पूजतात. मला दरवर्षी खंडेराव स्वतः पुसून पाटावर ठेवायचे. त्या वर्षी मात्र औषधाने त्यांना झोप लागली होती. साळूबाईंनी मला हातात घेतलं आणि दोरा थोडा ओढून पाहिला. माझी एक कळ चालू राहिली होती. मासा दोरा ओढू लागला की वर्दी देण्यासाठी ती करकरते. ती करकरली.

"बाई गं, किती कोरडी पडलीस!" साळूबाई कळवळल्या. "उद्या त्यांना रिकामं धाडू नको." आणि वाटीतलं शेंगदाण्याचं तेल वातीने थेंब थेंब माझ्या पोटात सोडत राहिल्या. माझ्या ब्रेकच्या चकत्या कोरड्याच हव्यात. सायकलच्या ब्रेकला कुणी तेल लावतं का? पण मला वाचा कुठली!

दुसऱ्या दिवशी शेखरने त्यांना धरणात नेलं आणि महसीर लागला. खंडेरावांनी ब्रेक आवळला, पण चकत्या नुसत्याच घसरत राहिल्या. दोरा भरभर सुटला. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं, अंगठा भाजला. शेवटच्या वेढ्याला हिसका बसला, दोरा तटकन तुटला आणि पाणी पुन्हा सारखं झालं. सोडताना मी अडखळले नाही, पण कोणत्याही रिलीला जमतं ते धरून ठेवणं मला जमलं नाही.

खंडेरावांनी होडीतच मला उघडलं. शेंगदाण्याच्या तेलाचा वास आला. शेखर चिडला, "आईनं केलं हे! घरी जाऊन विचारतो तिला."

"गप," खंडेराव म्हणाले. "तिनं पूजा केलीय. एक शब्द काढायचा नाय."

घरी साळूबाईंनी त्यांच्या अंगठ्याला तूप लावलं. "सुटला कसा हो?"

"लय मोठा होता गं. मावला नसता आपल्याला."

त्याच हिवाळ्यात खंडेराव गेले. होडी विकली गेली. साळूबाईंनी मला देवघराखाली ठेवलं.

यंदाच्या खंडेनवमीला त्या पुन्हा तेलाची वाटी घेऊन बसल्या. शेखर दारात उभा होता. "तेल दिलं तर केवढा मासा लागला त्यांना!" त्या म्हणाल्या. "हाती नाय आला, पर लागला तर खरा." शेखर काही बोलणार होता. मग तो आईशेजारी खाली बसला. "हां आई, तुझ्याच तेलानं लागला."

थोड्या वेळाने साळूबाईंनी विचारलं, "शेखर, धरणाच्या मधोमध गेल्यावर कसं दिसतं रे?"

शेखर वाटीतल्या तेलात वात फिरवत राहिला. मला तर रडू कोसळलं असतं, डोळे असते तर.

मित्रांनो, यंत्राची निगा राखायची तर ते आतून कसं चालतं, हे घरातल्या सगळ्यांना उघडून दाखवा. खंडेरावांनी मला जिवापाड जपलं, पण साळूबाईंना काठावरच ठेवलं. माझ्या चकत्या बदलल्या नाहीत तरी चालेल, मला आता कुठे जायचं नाही. पण साळूबाईंचे गुडघे अजून चालतात तोवर कुणीतरी त्यांना एकदा होडीत बसवा.